धडे संपल्यावर : संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विहारात संध्याकाळी चालणाऱ्या संगणक वर्गाचे काम पाहणारे आम्ही काही जण आहोत. त्या सर्वांच्या वतीने दोन शब्द बोलण्याची संधी मंडळाने दिली, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे आभारी आहोत.

आपल्या वस्तीतील मुले संगणक शिकत नाहीत, असे आज कोणालाही म्हणता येणार नाही. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि पुढे एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. आर्वी, देवळी, सेलू, समुद्रपूर, कुठेही जा, समाजाच्या घरात बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या तसबिरीशेजारी चौकटीत बसविलेले एखादे प्रमाणपत्र दिसते. आता मुले त्याच्याही पुढे गेली आहेत. पायथॉन, जावा, वेबसाइट कशी तयार करावी, यांचे धडे मोबाईलवर फुकट मिळतात, हिंदीतून मिळतात, मराठीतूनही मिळतात. मुले ते निष्ठेने पाहतात. चाळीस-चाळीस भागांची मालिका संपवितात, वहीत टिपणे काढतात.

आणि तरीही एक गोष्ट आम्हांला पुन्हा पुन्हा दिसते. धडा बंद करून कोरा पडदा समोर ठेवला आणि सांगितले, की आपल्या ग्रंथालयातील कोणते पुस्तक कोणाकडे गेले आहे एवढेच दाखविणारी छोटी आज्ञावली लिही, तर हात थबकतो. मुलगा हुशार आहे, त्याला 'लूप' म्हणजे काय ते पाठ आहे, परीक्षेत तो ऐंशी गुण घेतो. पण पहिली ओळ कोणती लिहावी, हे त्याला सुचत नाही. मग तो काय करतो? आणखी एक धडा पाहतो.

असे का होते याचा आम्ही वर्गात पुष्कळ विचार केला. धडा देणारे शिक्षक वाईट असतात असे मुळीच नाही. पण धडा चित्रित करण्यापूर्वी त्या शिक्षकाने बरेच काही आधीच उरकलेले असते. काय बनवायचे ते त्याने ठरविलेले असते. कोणती माहिती घ्यायची, कोणती सोडायची, आधी काय आणि नंतर काय, हेही ठरलेले असते. जे जमले नाही ते त्याने पुसून टाकलेले असते. आपल्यासमोर येतो तो फक्त सरळ रस्ता. त्या रस्त्याने त्याच्या पाठोपाठ चालताना आपल्याला वाटते की रस्ता आपल्याला समजला. वास्तविक शिकण्यासारखे जे होते, म्हणजे निर्णय घेणे, ते पडद्यामागेच राहून गेलेले असते.

प्रमाणपत्राला आम्ही नावे ठेवत नाही, हे येथे स्पष्ट करतो. ज्या घरात आजोबा अंगठा उठवीत, त्या घराच्या भिंतीवर नातीचे प्रमाणपत्र लागते तेव्हा त्याचे मोल बाहेरच्याला कळणार नाही. अक्षर ज्यांना नाकारले गेले त्यांना कागदाचे अप्रूप असणारच. परंतु नोकरीच्या मुलाखतीत आता पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा नसतो. "तुम्ही स्वतः काय बनविले आहे, ते दाखवा," असे विचारतात. नागपूर-पुण्याच्या मोठ्या महाविद्यालयातील मुलाजवळ दाखवायला काही तरी असते. त्याला सांगणारे घरात वा शेजारी कोणी असते. आपल्या मुलाजवळ सहा प्रमाणपत्रे असतात आणि तो प्रश्न ऐकून तो गप्प बसतो. ही गप्प बसण्याची पाळी टाळता येण्यासारखी आहे, म्हणून हा विषय आम्ही आज घेतला.

मित्रहो, करून शिकण्याची ही गोष्ट आपल्याला परकी नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांना जे शिक्षक लाभले, त्यांत जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ होते. ड्यूईंचे ऋण बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या ग्रंथात मान्य केले आहे. या ड्यूईंनी १८९६ साली शिकागो येथे एक प्रयोगशाळा म्हणावी अशी शाळा काढली होती. तेथील एक हकीकत त्यांच्या १८९९ च्या 'द स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकात आहे आणि ती वर्धा जिल्ह्यातील माणसाने ऐकलीच पाहिजे, कारण ती कापसाची आहे. मुलांच्या हाती बोंडे दिली आणि सरकीपासून कापूस हाताने वेगळा करायला सांगितला. अर्धा तास खपून एक औंससुद्धा, म्हणजे आपल्या मापाने अठ्ठावीस ग्रॅमसुद्धा कापूस निघाला नाही. मग त्या मुलांना कोणी सांगावे लागले नाही, की जिनिंगचे यंत्र निघण्यापूर्वी लोक लोकरीचे कपडे अधिक का वापरीत. हाताने केले, म्हणून प्रश्न पडला. प्रश्न पडला, म्हणून उत्तर कळले. हिंगणघाटला जिनिंगची घरघर ऐकत वाढलेल्या किती जणांना हा प्रश्न पडला असेल?

बाबासाहेब स्वतः तेथे नुसते व्याख्याने ऐकत बसले नाहीत. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस. दुसऱ्यांचे सिद्धान्त त्यांनी समोर घेतले, तपासले, जे पटले नाही ते बाजूला सारले आणि आपला स्वतःचा मांडला. तो १९१७ साली 'इंडियन अँटिक्वेरी'मध्ये छापूनही आला. विद्यार्थीदशेतच स्वतःची कृती उभी करायची, पदवी हाती येण्याची वाट पाहायची नाही, हे त्यात आहे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनीही हेच सांगितले होते, की परंपरा सांगते म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून मानू नका, स्वतःच्या अनुभवाला लावून पाहा. मोबाईलवरचा शिक्षक हासुद्धा गुरूच.

येथे कोणी विचारील, की करून शिकण्याचा विचार तर आपल्या वर्ध्यातच झाला होता. बरोबर आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी 'नई तालीम' सेवाग्रामात सुरू झाली. त्यातील शिक्षणशास्त्र चांगले होते, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. पण आपल्या समाजाच्या मनाला ते का भिडले नाही, तेही समजून घ्यावे. हाताचे काम आपल्या पूर्वजांना कोणी नव्याने शिकविण्याची गरज नव्हती. तेच तर पिढ्यान् पिढ्या माथी मारले होते. हात होते, अक्षर नव्हते. आज अक्षर आले आहे, तर हात थांबला आहे. आपल्या मुलांना दोन्ही एकत्र मिळण्याची ही पहिलीच वेळ आहे.

विदर्भातील आपल्या लोकांचा एक मोठा धंदा जाडेभरडे कापड विणण्याचा होता. पुढे गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, पाठोपाठ हिंगणघाट आणि पुलगावच्या. आपली माणसे मागावरून उठून गिरणीत गेली. आता पाहा, विणकाम बघून कोणी विणकर झाला आहे काय? मागावर बसावे लागते, धागा तुटतो, गाठ मारावी लागते. आणि संगणकाचे तर मागाशी नातेच आहे. १८०४ साली फ्रान्समध्ये जाकार नावाच्या विणकराने भोके पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी ठरविणारा माग तयार केला. भोक असेल तर एक धागा उचलला जाई, नसेल तर नाही. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत होलेरिथ यांनी माणसांची मोजणी अशाच पत्त्यांवर केली, आणि संगणकाला आज्ञा देण्याची रीत बरीच वर्षे तीच राहिली. तेव्हा हे शास्त्र आपल्या घराण्यात कधी नव्हते असे म्हणून मागे सरकू नये.

आता कामाचे बोलू. वर्गात आम्ही मुलांबरोबर कापसाच्या भावाचा हिशेब घेतला, तो थोडा विस्ताराने सांगतो, कारण सगळे त्यात आहे.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. सीसीआयच्या खरेदीत हा भाव ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे दर टक्क्याला भाव एक टक्का कमी होतो, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला तर माल घेत नाहीत. एखाद्या कास्तकाराचा १२ क्विंटल ४० किलो कापूस, ओलावा १० टक्के. भाव दोन टक्क्यांनी घसरून ७,३७० रुपये ५८ पैसे, आणि एकूण ९१,३९५ रुपये १९ पैसे. कागदावर हा चौथीचा हिशेब आहे. पायथॉनमध्ये त्याच्या चार-पाच ओळी होतात. मुलांनी त्या अर्ध्या तासात लिहिल्या आणि आनंदाने टाळ्या वाजविल्या.

खरा वर्ग त्यानंतर सुरू झाला. एकीने ओलावा १४ टाकला. आज्ञावलीने न अडखळता ७,०६९ रुपये ७४ पैसे भाव सांगितला. वास्तविक तो कापूस केंद्रावरून परत यायला पाहिजे! सूत्र बरोबर होते, पण माल परत पाठविण्याची गोष्ट सूत्रात नव्हती. ती वेगळी लिहावी लागली. दुसऱ्याने ६ टाकले, तर भाव हमीभावापेक्षाही वर गेला. मग असा जास्तीचा भाव द्यायचा की ८ टक्क्यांच्या खाली सगळ्यांना सारखाच? हे कोणत्याही धड्यात नाही. ते खरेदी केंद्रावर जाऊन विचारावे लागते, आणि मुलांना आम्ही तेच करायला सांगितले.

तिसरी गंमत अधिक महागाची होती. वजन क्विंटलमध्ये विचारले होते. एकाने १२ क्विंटल ४ किलो हे '१२.४' असे लिहिले. संगणकाच्या मते ते १२ क्विंटल ४० किलो. छत्तीस किलोचा फरक, म्हणजे त्या भावाने २,६५३ रुपये. कोणी लबाडी केलेली नाही, आज्ञावली चुकलेली नाही, तरी कास्तकाराच्या हिशेबात घोळ झाला. उपाय सोपा निघाला : क्विंटल आणि किलो असे दोन वेगळे प्रश्न विचारायचे. पण हा उपाय सुचायला बाजारात उभे राहून "बारा क्विंटल चार किलो" हे शब्द ऐकलेले कान लागतात. ते कान आपल्या मुलांजवळ आहेत, मोठ्या शहरातील मुलांजवळ नाहीत. आमच्या मते ही आपली मिळकत आहे आणि ती आपण वापरत नाही.

एका मुलाने घरी वडिलांना वापरायला दिले. त्यांच्या मोबाईलवर मराठी कळफलक, त्यांनी आकडे '१०' असे देवनागरीत टाकले. मुलाला वाटले की आता बिघडणार. बिघडले नाही, पायथॉन देवनागरी अंक ओळखतो. इतकेच काय, २००८ पासूनच्या पायथॉन ३ मध्ये 'ओलावा', 'वजन', 'भाव' अशी मराठी नावेही आपल्या आज्ञावलीत चालतात. हे त्या मुलाने शोधून काढले आणि वर्गाला सांगितले. त्या दिवशी तो आमचा शिक्षक होता.

साधनांची अडचण आहे, ती नाकारून चालणार नाही. लॅपटॉप थोड्यांकडे आहे. परंतु आज मोबाईलवरसुद्धा पायथॉन चालतो. पायड्रॉइडसारखे ॲप एकदा उतरवून घेतले की साध्या आज्ञावलीसाठी इंटरनेटही लागत नाही. लहान पडद्यावर लिहिणे त्रासाचे आहे, म्हणून आधी वहीत लिहा. त्याने विचारही नीट होतो. मोबाईलपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे, आणि ती मुलींच्या वाट्याला अधिक आहे. संध्याकाळी घरातला एकुलता एक मोबाईल भावाच्या हाती आणि पोळ्यांचा उंडा बहिणीच्या हाती, ही वाटणी पालकांनी बदलावी, असे आम्ही येथे बसलेल्या माता-पित्यांना हात जोडून सांगतो.

काम निवडताना फार मोठे निवडू नये. पहिल्याच दिवशी जिल्ह्याचा पोर्टल बनविणारे पुष्कळ पाहिले. आठवड्याने ते पुन्हा धड्यांकडे वळतात. ज्याचा उपयोग करणारा एक माणूस तुम्ही नावाने ओळखता, असे काम घ्यावे. आईच्या बचत गटाचा हप्ता आणि व्याज. किराणा दुकानाची उधारी. वसतिगृहातील मेसचा खर्च. त्या माणसाला ते वापरायला द्यावे आणि आपण शेजारी गप्प बसून पाहावे, मध्ये बोलू नये. तो कुठे अडतो ते पाहिल्यावर पुढचे काम आपोआप मिळते. लाल अक्षरांत चूक दाखविणारा मजकूर आला की घाबरून पडदा बंद करू नका. शेवटची ओळ आधी वाचा, काय बिघडले ते बहुधा तेथेच लिहिलेले असते, आणि कोणत्या ओळीत ते तिच्या वर. चालणारी प्रत वेगळी जपून ठेवा, मग खुशाल मोडतोड करा. धडे सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. अडेल तेव्हा तेवढाच भाग पाहायचा आणि परत आपल्या कामावर यायचे. आधी भूक, मग जेवण.

या पद्धतीवर महाराष्ट्रात मोठे काम झालेले आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील हा माणूस खेड्यात येऊन बसला आणि शाळा सोडलेल्या मुलांना गावाची प्रत्यक्ष कामे करवून शिकवू लागला. २००२ साली त्याच पाबळला अमेरिकेतील एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरची ती पहिली. एमआयटीचे लोक पाबळला आले ते तेथील मुले काही तरी बनवीत होती म्हणून, हे ध्यानात घ्यावे.

आता एका नव्या गोष्टीबद्दल. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि आता सांगितले की यंत्रच आज्ञावली लिहून देते. मुले विचारतात, मग आम्ही शिकायचे कशाला? आमचे म्हणणे असे, की यंत्राची मदत अवश्य घ्या, परंतु ते तुमच्या बाजारात उभे राहिलेले नाही. बारा क्विंटल चार किलोचा घोळ त्याला आपण सांगितला तर ते दुरुस्त करील. न सांगता त्याला तो सुचेलच असे नाही. आणि त्याने लिहिलेल्या ओळी बरोबर की चूक हे ओळखायला आधी स्वतः चार वेळा चुकावे लागते. ते लिहून देते आणि आपण नुसते पाहतो, असे झाले तर धडे पाहण्याचीच ती नवी आवृत्ती झाली.

एक सूचना मात्र कडक. सभासदांचे मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, जातीच्या दाखल्यांचे तपशील हे सरावासाठी वापरू नयेत, आणि इंटरनेटवर तर कदापि टाकू नयेत. सरावाला खोटी नावे पुरेशी आहेत. आपल्या माणसांची माहिती कोणाच्या हाती पडेल आणि तिचा काय उपयोग होईल, याचा विचार आपल्या समाजाने इतरांपेक्षा अधिक केला पाहिजे. कारणे सांगण्याची गरज नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीने आमची एक विनंती मान्य केली आहे. या रविवारपासून दर रविवारी वंदनेनंतर दोन तास विहाराची मागची खोली या कामासाठी मोकळी राहील. तेथे धडा लावला जाणार नाही. टेबलावर ग्रंथालयाची नोंदवही ठेवलेली असेल. तिच्यात निदान चार जणांच्या हस्ताक्षरात नोंदी आहेत, काही पुस्तकांची नावे दोन तऱ्हांनी लिहिलेली आहेत, आणि परत न आलेली पुस्तके नेमकी किती, हे आज ग्रंथपालांनाही सांगता येत नाही. येताना वही आणि पेन आणावे. मोबाईल नसला तरी चालेल. पहिल्या रविवारी फक्त नोंदवही वाचायची आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.